झाडं प्रतिसाद देतात हे सांगणारा शोधनिबंध छापून आणायला जगदीशचंद्र बोस यांना इतकं झगडावं का लागलं?

शाळेच्या पुस्तकात जगदीशचंद्र बोस यांची ओळख बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपते : वनस्पतींनाही संवेदना असतात हे सिद्ध करणारे भारतीय शास्त्रज्ञ. या वाक्यातला 'सिद्ध' हा शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. पण एखादी गोष्ट सिद्ध झाली, हे ठरवतं कोण? प्रयोग करणारा, प्रयोग पाहणारे, की त्याचा निबंध छापणारं जर्नल?

विज्ञानात या प्रश्नाचं रूढ उत्तर आहे 'पीअर रिव्ह्यू'. संशोधकाने निबंध पाठवायचा, त्याच विषयातल्या जाणकारांनी तो तपासायचा आणि त्यांचा अभिप्राय पाहून छापायचा की नाही हे संपादकाने ठरवायचं. कागदावर ही पद्धत सोपी दिसते. प्रत्यक्षात ती कशी चालते, कुठे अडते आणि ती नसली तर काय होतं, हे तिन्ही बोस यांच्या आयुष्यात पाहायला मिळतं.

कोण होते जगदीशचंद्र बोस?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी सुखवस्तू घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे कोळ्याचा मुलगा आणि घरच्या मुसलमान चपराशाचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. प्राण्यांच्या आणि झाडापेडांच्या गोष्टींची गोडी आपल्याला तिथेच लागली, असं बोस पुढे सांगत.

नंतर कलकत्त्याचं हेअर स्कूल आणि सेंट झेवियर्स झालं. सेंट झेवियर्सला फादर लाफों भौतिकशास्त्र शिकवत. वर्गात प्रयोग करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता. १८८० साली बोस डॉक्टर व्हायला इंग्लंडला गेले, पण तापाच्या आजाराने त्यांना वैद्यकीय शिक्षण सोडावं लागलं. मग त्यांनी केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला. तिथे त्यांना भौतिकशास्त्रात लॉर्ड रॅले, शरीरक्रियाशास्त्रात मायकेल फॉस्टर आणि वनस्पतिशास्त्रात सिडनी व्हाइन्स असे शिक्षक लाभले. ही तीन नावं लक्षात ठेवावीत. पुढे तिघेही बोस यांच्या निबंधांच्या वाटेवर भेटतात.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी असल्याने बोस यांच्या वाट्याला त्याच्याही निम्मा, म्हणजे एक तृतीयांश पगार येणार होता. त्यांनी तो नाकारला. तीन वर्षं ते शिकवत राहिले, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने त्यांना कायम केलं आणि मागचा फरकही दिला.

पहिला निबंध लंडनला कसा पोहोचला?

बोस यांनी पस्तिशी उलटल्यावर, १८९४ च्या सुमारास मनावर घेऊन संशोधन सुरू केलं. कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एका छोट्या खोलीत, कलकत्त्यातल्या टिनकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली. हर्ट्झने शोधलेल्या विद्युतलहरी बऱ्याच लांबीच्या होत्या. बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. त्यामुळे टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनी प्रकाशाप्रमाणेच या लहरींचंही परावर्तन, वक्रीभवन आणि ध्रुवीकरण दाखवता येऊ लागलं.

१८९५ साली त्यांनी गंधकातून जाताना या लहरी किती वळतात, यावरचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीचा सदस्य, म्हणजे 'फेलो' नसलेल्याला निबंध थेट सादर करता येत नसे. कुणा फेलोने तो आपल्या हमीवर पुढे ठेवावा लागे. बोस यांचे जुने शिक्षक लॉर्ड रॅले तेव्हा सोसायटीचे सचिव होते. त्यांनी निबंध पुढे ठेवला आणि तो सोसायटीच्या 'प्रोसिडिंग्ज'मध्ये छापून आला. १८९६ साली लंडन विद्यापीठाने बोस यांना डी.एससी. दिली. जानेवारी १८९७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रसिद्ध शुक्रवार व्याख्यानासाठी त्यांना बोलावण्यात आलं.

म्हणजे पहिल्या फेरीत या व्यवस्थेने बोस यांना साथ दिली. कलकत्त्याच्या एका खोलीतलं काम दर्जाच्या जोरावर लंडनच्या जर्नलमध्ये पोहोचलं.

निबंध तपासण्याची पद्धत आली कुठून?

रॉयल सोसायटीचं 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जर्नल मार्च १६६५ मध्ये सुरू झालं. हेन्री ओल्डेनबर्ग हे सोसायटीचे सचिव ते स्वतःच्या जबाबदारीवर चालवत. काय छापायचं हे तेच ठरवत, वाटलं तर कुणाला विचारत. १७५२ साली सोसायटीने जर्नल आपल्या ताब्यात घेतलं आणि निबंध निवडायला समिती नेमली. समिती मतदान करी, पण कारणं देत नसे.

लेखी अहवालाची प्रथा १८३० च्या दशकात पडली. विल्यम ह्युएल यांनी ती सुचवली. गंमत म्हणजे पहिल्याच निबंधावर दोन परीक्षकांचं जमलं नाही. निबंध खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा होता. त्यातल्या कल्पनेचं महत्त्व सांगावं असं ह्युएल यांना वाटत होतं, तर जॉन लबक यांना चुका दाखवायच्या होत्या. परीक्षकाने निबंधाची ओळख करून द्यायची की पहारेकऱ्यासारखं दारात उभं राहायचं, हा वाद तेव्हापासूनचा आहे. कालांतराने अहवाल गोपनीय झाले आणि पहारेकऱ्याची भूमिका ठळक झाली.

बोस यांच्या काळापर्यंत पद्धत साधारण अशी बसली होती. फेलोमार्फत निबंध येई. सचिव तो पाही. त्या विषयाची समिती परीक्षक सुचवी. परीक्षक आपलं मत कळवी. शेवटी तीनपैकी एक गोष्ट घडे. मोठा आणि महत्त्वाचा निबंध 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये जाई, छोटा 'प्रोसिडिंग्ज'मध्ये जाई, आणि न पटलेला सोसायटीच्या पुरालेखात ठेवला जाई.

रेडिओलहरींवरून बोस गाजरापर्यंत कसे आले?

लहरी पकडायला बोस धातूचा 'कोहिरर' वापरत. सतत वापरल्यावर या ग्राहकाची संवेदनक्षमता कमी होते आणि थोडा वेळ तसाच ठेवला की ती परत येते, असं त्यांना दिसलं. स्नायू दमतो आणि विश्रांतीने ताजा होतो, तसंच काहीसं. त्यांनी धातूच्या प्रतिसादाचे आलेख काढले. ते स्नायूच्या आलेखांसारखे दिसत होते.

मग प्रश्न आला : धातू आणि स्नायू यांच्या मधे वनस्पती आहे, तिचं काय? लाजाळूसारख्या हलणाऱ्या झाडांबद्दल शास्त्रज्ञांना माहिती होती. बोस यांनी साधी झाडं आणि भाज्या घेतल्या. गाजर, मुळा, सलगम, फुलकोबीचा दांडा. त्यांना टिचकी मारली किंवा पीळ दिला की क्षणभर विजेचा सूक्ष्म प्रवाह उमटे आणि गॅल्व्हनोमीटरवर दिसे. क्लोरोफॉर्म दिला की प्रतिसाद मंदावे, विष घातलं की तो कायमचा थांबे.

१९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र परिषदेत बोस यांनी सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादातलं साम्य मांडलं. तिथून ते लंडनला आले आणि रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. फॉस्टर एकदा तिथे आले. एक आलेख पाहून त्यांनी तो स्नायूचा म्हणून ओळखला आणि यात नवीन काय, असं विचारलं. तो आलेख कथिलाचा होता, अशी आठवण बोस यांचे स्नेही आणि चरित्रकार पॅट्रिक गेडीस यांनी सांगितली आहे. फॉस्टर तेव्हा रॉयल सोसायटीचे सचिव होते. त्यांनीच बोस यांचं प्राथमिक टिपण सोसायटीकडे दिलं.

इथे एक खुलासा हवा. पुढच्या घटनांचा सविस्तर तपशील मुख्यतः गेडीस यांनी १९२० साली लिहिलेल्या चरित्रातून येतो. गेडीस स्वतः जीवशास्त्रज्ञ होते आणि त्या सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. पण चरित्र मित्राने लिहिलेलं आहे, तेव्हा ते बोस यांच्या बाजूचं आहे हे ध्यानात ठेवावं.

६ जून १९०१ रोजी काय झालं?

१० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमधलं बोस यांचं व्याख्यान गाजलं. तिथे ऐकायला सुशिक्षित पण सर्वसाधारण मंडळी असत. ६ जूनला रॉयल सोसायटीत समोर त्या विषयातले तज्ज्ञ बसले होते. त्यांत सर्वांत मोठं नाव सर जॉन बर्डन सँडरसन यांचं. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक वनस्पतींमधल्या विजेचे आद्य अभ्यासक होते. १८७३ साली डार्विनच्या सूचनेवरून त्यांनी माशा पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानातले विद्युत संकेत मोजले होते.

बर्डन सँडरसन यांचे आक्षेप साधारण असे होते. साध्या वनस्पतीत असा विद्युत प्रतिसाद मिळतो हे त्यांना मान्य नव्हतं, कारण त्यांच्या स्वतःच्या प्रयत्नांत तो मिळाला नव्हता. शरीरक्रियाशास्त्रात 'प्रतिसाद' या शब्दाला ठरावीक अर्थ आहे, तेव्हा बोस यांनी तो काढून साध्या भौतिक क्रियेचा शब्द घालावा, असं त्यांनी सुचवलं. भौतिकशास्त्रज्ञाने आपला प्रांत सोडू नये, हा सूरही त्यात होता. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनीही विरोधी बाजू घेतली.

आक्षेप म्हटलं तर अगदीच निराधार नव्हते. इतक्या सूक्ष्म प्रवाहाच्या मोजणीत चूक व्हायला अनेक वाटा असतात. कापलेल्या जागी इजेमुळेही प्रवाह निर्माण होतो, जोडणी किंचित हलली तरी काटा हलतो. तज्ज्ञाने हे विचारायलाच हवं. पण बोस प्रयोग समोर करून दाखवत होते, आणि मला तो साधला नाही म्हणून तो होऊ शकत नाही, हे उत्तर प्रयोगाला पुरेसं नव्हतं.

शब्द बदलला असता तर निबंध छापून आला असता, अशी शक्यता दिसत होती. बोस यांनी नकार दिला. प्रयोगात काय चुकलं ते दाखवा, एरवी एक शब्दही बदलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. निबंध पुरालेखात गेला.

निबंध पुरालेखात जाणं म्हणजे काय?

पुरालेखात गेलेल्या निबंधाचं काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण रॉयल सोसायटीतच घडलेलं होतं. जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश अभियंता मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या तरुणांना शिकवत. १८४५ साली त्यांनी मुंबईहून वायूंच्या रेणूंच्या हालचालीवर एक निबंध पाठवला. परीक्षकांनी तो निकालात काढला आणि तो पुरालेखात जाऊन पडला. मूळ प्रत परत देण्याची पद्धत नव्हती आणि वॉटरस्टन यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्यातल्या कल्पना पुढे क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांनी स्वतंत्रपणे मांडल्या. १८९१ साली लॉर्ड रॅले यांना तो निबंध कपाटात सापडला आणि १८९२ मध्ये त्यांनी तो प्रस्तावनेसह छापला. वॉटरस्टन १८८३ सालीच वारले होते.

नवख्या लेखकाने आधी मर्यादित आणि निर्विवाद काम करून नाव मिळवावं आणि मगच मोठी झेप घ्यावी, असा सल्ला रॅले यांनी त्या प्रस्तावनेत दिला. बोस यांनी नकळत तेच केलं होतं. लहरींवरच्या कामाने त्यांचं नाव झालं होतं. पण ते नाव भौतिकशास्त्रातलं होतं. कुंपण ओलांडून दुसऱ्या विषयात गेल्यावर ते पुन्हा नवखे ठरले.

मग निबंध छापला कोणी?

बोस यांच्यापुढे दोन वाटा होत्या : कलकत्त्याला परतायचं किंवा तिथेच राहून झुंजायचं. त्यांनी रजा वाढवून घेतली. पैशांची अडचण होती. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्रिपुराच्या महाराजांकडे शब्द टाकून मदत मिळवून दिली.

त्यांचे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक व्हाइन्स तेव्हा लिनियन सोसायटीचे अध्यक्ष होते. ते सहकाऱ्यांना घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांनी गाजर-सलगमांवरचे प्रयोग स्वतः पाहिले आणि सोसायटीच्या बैठकीत निबंध वाचायला बोस यांना बोलावलं.

तेवढ्यात अग्रहक्काचा वाद उभा राहिला. वॉलर यांनी १९०१ च्या अखेरीस वनस्पतींच्या विद्युत प्रतिसादावर मिळतंजुळतं काम प्रसिद्ध केलं होतं. बोस यांचा निबंध पुरालेखात अडकल्याने छापील पुरावा वॉलर यांच्याकडे होता आणि बोस यांच्याकडे नव्हता. लिनियन सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी मे महिन्यातलं व्याख्यान आणि रॉयल सोसायटीच्या जूनमधल्या बैठकीसाठी तयार झालेला छापील मसुदा तपासला आणि बोस आधीचे ठरले. १९०२ साली लिनियन सोसायटीच्या जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध झाला.

छपाईतला उशीर संशोधकाला एवढा का झोंबतो, हे यावरून कळतं. विज्ञानात शोध आधी लावणाऱ्याचा मानतात, पण आधी कोण हे तारीख सांगते आणि तारीख सहसा जर्नलकडे असते.

जर्नलचा रस्ता सोडून पुस्तकांकडे

१९०३-०४ मध्ये बोस यांनी वनस्पतींच्या प्रतिसादावरची निबंधमालिका रॉयल सोसायटीकडे पाठवली. पुन्हा तेच झालं. छपाई लांबत गेली आणि निबंध पुरालेखात गेले.

आता त्यांनी दुसरी वाट धरली. पुस्तकाला परीक्षकांची परवानगी लागत नाही. १९०२ साली सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरचं पुस्तक लंडनच्या लाँगमन्स प्रकाशनाने काढलंच होतं. त्यापाठोपाठ १९०६, १९०७ आणि १९१३ साली वनस्पतींवरची जाडजूड पुस्तकं आली. त्या लेखनात भगिनी निवेदिता यांनी बरीच मदत केली.

पुस्तकांमुळे त्यांचं काम जगभर वाचलं गेलं. पण निबंधात एका प्रयोगाचा एक निष्कर्ष असतो आणि त्यावर प्रश्न विचारता येतो. पुस्तकात शेकडो प्रयोग एका मोठ्या सिद्धांताभोवती गुंफलेले असतात. नेमकी कुठली कडी कच्ची आहे हे शोधणं वाचणाऱ्याला अवघड जातं, आणि लेखकाला ते कोणी छपाईआधी सांगतही नाही.

यंत्रालाच साक्षीदार केलं

विरोधकांचा संशय मोजणीवर होता. म्हणून बोस यांनी हाताचा संबंधच कमी करणारी यंत्रं घडवली. लाजाळूच्या पानाचा जोर इतका कमी की लेखणी काचेवर घासली तरी ते अडखळतं. बोस यांच्या 'रेझोनंट रेकॉर्डर'मध्ये लेखणी ठरावीक वेगाने थरथरते आणि काजळी धरलेल्या काचेला क्षणभरच स्पर्श करते. रेषेऐवजी ठिपके उमटतात. त्यामुळे घर्षण टळतं, आणि दोन ठिपक्यांमधला काळ ठाऊक असल्याने वेळही आपोआप नोंदली जाते, थेट सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत.

या यंत्राने लाजाळूत संवेदना किती वेगाने पसरते हे मोजलेला निबंध १९१३ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापून आला. ज्या दारातून दहा वर्षांपूर्वी निबंध मागे फिरले होते, तेच दार आता उघडलं होतं.

त्यानंतर आला क्रेस्कोग्राफ. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारं हे यंत्र. गोगलगाय जिथे वेगवान वाटावी अशी ही वाढ काही सेकंदांत डोळ्यांना दिसू लागली. साहजिकच शंका आली की हलतंय ते झाड की यंत्र? १९२० साली वॉलर यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर शंका घेतली आणि प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकाची मागणी केली. बोस तयार झाले. एप्रिल १९२० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तज्ज्ञांसमोर प्रयोग झाला. यंत्र खरोखर झाडाचीच वाढ नोंदवतं, असं बेलिस, ब्लॅकमन, डॉनन आदींनी सहीनिशी 'टाइम्स'ला कळवलं. सही करणाऱ्यांत लॉर्ड रॅलेही होते. हे बोस यांच्या शिक्षकाचे चिरंजीव. वडील आदल्याच वर्षी वारले होते.

त्याच मे महिन्यात बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले. मुंबईचे जहाजबांधणी अभियंता अर्देशीर करसेटजी १८४१ साली आणि श्रीनिवास रामानुजन १९१८ साली फेलो झाले होते. त्यांच्यानंतर हा मान मिळवणारे बोस हे तिसरे भारतीय. तेव्हा त्यांचं वय ६१ होतं.

परीक्षकच उरला नाही तेव्हा

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी बोस यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. संस्थेची स्वतःची 'ट्रान्झॅक्शन्स' निघू लागली. ज्याचे निबंध वर्षानुवर्षं परक्या कपाटात अडकले, त्याने स्वतःचं जर्नल काढावं हे समजण्यासारखं आहे. भारतीय संशोधकांना त्यामुळे हक्काची जागा मिळाली.

पण तिथे संचालक बोस, मुख्य संशोधक बोस आणि काय छापायचं यावर अखेरचा शब्दही बोस यांचाच. नाही म्हणणारं कोणी उरलं नाही. १९२३ साली त्यांनी झाडात पाणी वर कसं चढतं यावर पुस्तक लिहिलं. खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या स्पंदन पावतात आणि रस वर ढकलतात, असं त्यांनी मांडलं. हा सिद्धांत टिकला नाही. पानांतून बाष्प उडतं तेव्हा पाण्याचा सलग स्तंभ वर ओढला जातो, हे डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ साली दिलेलं स्पष्टीकरणच आज मान्य आहे.

लाजाळूबाबतही असंच झालं. संदेश खोडातल्या पाण्याबरोबर रासायनिक पदार्थाने वाहतो, असं १९१६ साली इटलीच्या उबाल्डो रिक्का यांनी दाखवलं. बोस यांनी ते मानलं नाही. पुढच्या संशोधनात विद्युत आणि रासायनिक दोन्ही मार्ग असल्याचं दिसलं. बाहेरच्या कडक परीक्षकाने हे प्रश्न वेळेवर विचारले असते, तर बोस यांनी त्यांना सामोरं जाणारे प्रयोग केले असते. तशी क्षमता त्यांच्यात निश्चित होती.

आज काय वेगळं आहे?

आज निबंध पाठवायला कुणा फेलोची शिफारस लागत नाही. संपादक आधी चाळणी लावतो. बरेच निबंध तिथूनच परत जातात. उरलेले दोन किंवा तीन परीक्षकांकडे जातात. त्यांना सहसा मानधन नसतं. बहुतेक ठिकाणी लेखकाला परीक्षकांची नावं कळत नाहीत आणि काही जर्नल परीक्षकांपासूनही लेखकाचं नाव लपवतात. निर्णय चार प्रकारचे असतात : स्वीकार, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती किंवा नकार. लेखकाला अहवाल मिळतो आणि प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देता येतं. ज्याचा स्वतःचा दावा त्याच विषयात अडकला आहे, त्याने तसं सांगून परीक्षणातून बाजूला व्हावं असा संकेत आहे.

ही सगळी घडी अलीकडची आहे. 'नेचर'सारख्या जर्नलने प्रत्येक शोधनिबंध बाहेरच्या परीक्षकांकडे पाठवण्याचा नियम १९७३ साली केला. आणि एक गोष्ट आजही तशीच आहे : परीक्षक सहसा प्रयोग पुन्हा करून पाहत नाही. तो लिहिलेलं वाचतो. व्हाइन्स यांनी प्रयोगशाळेत जाऊन जे पाहिलं, ते आजच्या परीक्षणात क्वचितच घडतं.

शेवटी खरं कोण ठरलं?

साध्या वनस्पतींत विद्युत संकेत असतात, या मुद्द्यावर बोस खरे ठरले. १९९२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या निबंधात टोमॅटोच्या रोपावर हे दिसलं. एका पानाला इजा झाली की विद्युत संकेत दूरच्या पानापर्यंत जातो आणि तिथे बचावाची तयारी सुरू होते. धातूही सजीवासारखाच थकतो, हा अर्थ मात्र विज्ञानाने घेतला नाही. आलेख सारखे दिसतात म्हणून त्यामागची क्रिया एकच असते असं नाही. बर्डन सँडरसन यांचा शब्दाबद्दलचा आग्रह या ठिकाणी थोडा समजून घेता येतो.

बर्डन सँडरसन १९०५ सालीच वारले. १९१३ चा निबंध पाहायला ते नव्हते. बोस यांचं निधन २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे झालं, एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा बाकी असताना. मोहीच्या जागी बसलेल्या परीक्षकाने त्यांची उमेदीची वर्षं खाल्ली आणि परीक्षकच नसल्याने उतारवयातल्या कामात त्रुटी राहिल्या. त्यांना हवा होता प्रयोग डोळ्यांनी पाहून मग प्रश्न विचारणारा परीक्षक. तसा तो त्यांना दोनदा भेटला, १९०२ मध्ये आणि १९२० मध्ये, आणि दोन्ही वेळा त्यांचं काम टिकलं.